शहराचा चार्ज

काका पहिल्यांदा आमच्या घरी आले तेव्हा त्यांनी ना मला नमस्कार केला, ना माझ्या नवऱ्याशी हात मिळवला. दार उघडलं तसे सरळ बाथरूममध्ये शिरले आणि नळ सोडून उभे राहिले. मग स्वयंपाकघरातला नळ. मग खिडक्यांच्या काचा, एकेक, बोटाच्या पेरानं टकटक करून. मी नागपूरहून रेल्वेनं धक्के खात आलेली, घरभर बोचकी पडलेली, चहाला साखर सापडत नव्हती, आणि हा उंच, सडपातळ, पन्नाशी उलटलेला गृहस्थ माझ्या घरात काचा वाजवत फिरतोय! मी नवऱ्याला म्हटलं, "अहो, विचारा तरी कोण आहेत!" नवरा माझा भिडस्त. तो त्यांच्या मागे मागे मान डोलवत फिरत होता.

"बाथरूमच्या नळाचा वॉशर गेलाय," शेवटी ते म्हणाले, "आणि मागच्या खोलीची एक काच सुटलीय. उद्या माणूस येईल. हं, आता नमस्कार. मी खाली राहतो."

मराठीत! चंडीगडला येऊन आठवडासुद्धा झाला नव्हता आणि खालच्या मजल्यावर साताऱ्याकडचा माणूस. माझा राग कुठल्या कुठे गेला. मी साखर शोधायचं सोडून त्यांच्याकडेच साखर मागितली.

ती साखर द्यायला ते स्वतः वर आले. वाटी पुढे केली, मी धरली, पण त्यांनी सोडली नाही. दोघं दारात वाटी धरून उभे.

"घेतली म्हणा," ते म्हणाले.

"अं?"

"घेतली म्हणा. म्हणजे मी सोडतो."

मी म्हटलं, "घेतली बापा, घेतली." तेव्हा कुठे वाटी सुटली.

काका प्रशासनाच्या ज्या खात्यात होते तिथे सरकारी क्वार्टर्सचा कारभार चाले. कुणा अधिकाऱ्याची बदली झाली की हे जायचे, नळ, पंखे, काचा, कड्या बघून घर ताब्यात घ्यायचे आणि पुढच्याला द्यायचे. याला म्हणायचं चार्ज. आम्ही केंद्र सरकारची माणसं, दर तीन वर्षांनी बिऱ्हाड हलवणारी. चार्ज देणं-घेणं आम्हाला नवं नव्हतं. बाकी ठिकाणी कारकून येतो, दारातून डोकावतो, सही घेतो आणि चहा पिऊन जातो. पण काकांनी हा शब्द असा काही मनावर घेतला होता की त्यांच्या लेखी जगात दोनच प्रकारची माणसं होती. नीट चार्ज देणारी, आणि तशीच उठून जाणारी.

शर्टाच्या खिशात पेनाशेजारी छोटा स्क्रू ड्रायव्हर असायचा. कुणाकडे बसायला गेले की गप्पा मारता मारता दाराची बिजागरी पिळून घट्ट करायचे. समोरच्या ब्लॉकमधल्या सरदारणीकडे लग्नाचं आमंत्रण होतं, तिथे बँड वाजतोय, मुली नाचताहेत, आणि काका स्टुलावर चढून तिच्या बैठकीतल्या पंख्याची कॅप बसवताहेत. ती हसून लोटपोट. मला म्हणाली, "तुहाडे अंकल जी तां कमाल ने!" आमचे अंकल जी खरोखरच कमाल होते.

आम्ही चंडीगडला गेलो तेव्हा काकूही तिथेच होत्या. ठेंगण्या, गोऱ्या, तोंडानं फटकळ. मला पहिल्याच दिवशी म्हणाल्या, "पोरी, तुझ्या घरातलं काही ढिलं असलं तर सांग. मी सोडून सगळं घट्ट करून देतील हे." मूलबाळ नव्हतं. तीस वर्षांहून जास्त काळ दोघं या शहरात होती आणि शहरही जवळजवळ त्यांच्याच संसाराएवढं जुनं होतं.

ते जुने दिवस काका फार रंगवून सांगत. पंजाबची फाळणी झाली, लाहोर पलीकडे गेलं, सरकार सिमल्याला जाऊन बसलं आणि इकडे आंब्यांच्या बागा आणि गव्हाची शेतं असलेल्या गावांच्या जागी नवी राजधानी उभारायची ठरली. काकांनी वर्तमानपत्रात ओव्हरसीयरची जाहिरात वाचली आणि वाईहून निघाले. आईला सांगितलं, वर्षभरात येतो. तंबूत राहायचे. तंबूत साप निघायचे. सेक्टरांना नंबर पडले होते पण सेक्टर नव्हते, नुसत्या खुंट्या.

"आणि पहिलं बिऱ्हाड आलं ना सिमल्याहून," काका सांगायचे, "त्या दिवसाची मला अजून लाज वाटते."

क्वार्टर्सची पहिली ओळ ठेकेदारानं बांधून टाकली होती आणि चार्ज न देताच तो दुसऱ्या कामावर निघून गेला होता. तरण्या काकांना कुणी विचारलं नाही, त्यांनीही कुणाला विचारलं नाही. ट्रकमधून एक हेडक्लार्क बायकोमुलांसह उतरला. नळाला पाणी नाही, दाराला कडी नाही, थंडी मी म्हणत होती. त्याची बायको उंबरठ्यावर ट्रंकेवर बसून रडायला लागली. लाहोरचं घर सोडून आलेली बाई. सिमल्याला दोन खोल्यांत दिवस काढलेले. म्हणाली, हे तरी आपलं असेल असं वाटलं होतं.

"काय सांगणार हो तिला," काका म्हणायचे. "कुणी दिलं नव्हतं आणि कुणी घेतलं नव्हतं. घर मधल्यामध्ये लोंबकळत होतं." तेव्हापासून त्यांनी चार्ज हा विषय धरला तो धरलाच.

पुढे पंजाबचेही तुकडे झाले, हरियाणा वेगळा निघाला. चंडीगड दोघांची राजधानी आणि मालकी दिल्लीची. सचिवालयाची इमारत एक, सरकारं दोन. काका म्हणायचे, "एका ओट्यावर दोन जावा, आणि सासू दिल्लीला." टेबलं वाटली, खुर्च्या वाटल्या, माणसंही वाटली. पंजाबी पंजाबकडे गेले, हरियाणवी हरियाणाकडे. काकांपाशी आल्यावर वाटणारे अडकले. "माझं काय करायचं ते कुणाला कळेना," ते हसत सांगायचे. "मी कुणालाच नको होतो. मग मी शहराच्या वाट्याला आलो." हे ऐकताना काकू भाजी निवडत असायच्या. एकदा वर न बघता म्हणाल्या, "मला विचारलं असतं तर मी मागून घेतलं असतं की."

आता मूळ गोष्ट. आम्ही तिथे पोचलो त्याच्या थोडंच आधी, पंच्याऐंशी साली, दिल्लीत सरकार आणि शीख पुढाऱ्यांत करार झाला होता. पंजाबभर रक्तपात चालला होता, तो थांबावा म्हणून. त्यात एक कलम असं होतं की चंडीगड पंजाबला देऊन टाकायचं, येत्या सव्वीस जानेवारीला. बदल्यात काही गावं हरियाणाला. करारावर सही करणाऱ्या शीख नेत्यालाच महिन्याभरात गोळ्या घातल्या, तरी तारीख कायम होती. बाजारात, दूधवाल्याकडे, बसथांब्यावर तोच विषय. कुणी खुशीत, कुणी धास्तावलेलं. रस्त्यांच्या चौकांत वाळूची पोती रचलेली, पोत्यांमागे बंदुका. सिनेमाला गेलं तर पर्स उघडून दाखवायची. बेवारशी ट्रान्झिस्टर दिसला तर हात लावू नका असं लाउडस्पीकरवर सांगायचे. संध्याकाळ झाली की पंजाबकडे जाणाऱ्या बसगाड्या बंद. माणूस कामाला गेला की घरी येईपर्यंत घरच्यांचा जीव टांगणीला.

आणि या सगळ्यात काकांना एकच काळजी. चार्ज.

"अख्खं शहर द्यायचंय," म्हणाले, "म्हणजे काय गंमत आहे? मोठं क्वार्टरच आहे ते. घेणाऱ्यानं उद्या म्हणायला नको, की हे तुटकं दिलं, ते फुटकं दिलं." मग काय, हिवाळाभर माणूस सायकलवर. वसाहतीतले दिवे, गळकी गटारं, शाळांच्या कड्या. स्वतःच्या हाताखालच्या माणसांना तर त्यांनी पळता भुई थोडी केली. काकू मला म्हणाल्या, "लेक नाही ना आम्हाला. शहराची पाठवणी करतायत."

त्यांनी ठरवलं होतं, शहराचा चार्ज द्यायचा आणि त्याबरोबर नोकरीही सोडायची. अजून चार-पाच वर्षं बाकी होती, पण पुरे. वाईला काकूंच्या माहेरच्या घरामागे दोन खोल्या बांधून ठेवल्या होत्या. काकूंची आई अंथरुणाला खिळली होती आणि बघणारं दुसरं कुणी नव्हतं. म्हणून काकूंनी पुढे जायचं आणि काकांनी सत्तावीस जानेवारीच्या गाडीत बसायचं. दोघांनी मिळून इथलं सामान बांधलं. भांडी पोत्यांत, गाद्या गुंडाळून सुतळीनं आवळलेल्या, पुस्तकं ट्रंकांत. देव काकू बरोबर घेऊन गेल्या. जाताना माझा हात धरून म्हणाल्या, "पंधरवडा आहे. यांचं जेवणाचं बघ." मी म्हटलं, "काकू, पंधरवडा काय, हा गेला."

पंचवीसलाच बातम्यांत सांगितलं. हस्तांतर पुढे ढकललं. बदल्यातली गावं कुठली, यावरच एकमत होईना.

मी जिना उतरून खाली गेले. म्हटलं, बिचाऱ्यांना वाईट वाटलं असेल. तर काका कोटाला ब्रश करताहेत. लग्नातला काळा कोट, डांबराच्या गोळ्यांचा वास मारणारा.

"काका, बातम्या ऐकल्या ना?"

"ऐकल्या. रेडिओवर सांगितलं म्हणजे ऑर्डर नव्हे. मला लेखी काही आलेलं नाही. उद्या कुणी घ्यायला आलं आणि द्यायला कुणी नसलं तर?"

दुसऱ्या दिवशी सकाळी धुकं असं की समोरचा माणूस दिसेना. काका सायकलवर निघाले. त्यांना एकटं सोडवेना म्हणून आम्ही दोघं स्कूटरवर मागे. मी नवऱ्याला म्हटलं, काही नाही तर सुखना तळं तरी बघून येऊ. सचिवालयापाशी शुकशुकाट. सुट्टीचा दिवस, सगळा बंदोबस्त परेडकडे. पोत्यांच्या भिंतीमागे एक हरियाणवी शिपाई शेकोटीवर हात शेकत होता. कोट घातलेला माणूस जड झोळी घेऊन येतोय म्हटल्यावर त्याची बंदूक उचलली गेली.

"ताऊ, वहीं रुक जा! झोळे में के सै?"

"चाबियाँ."

"किसकी?"

"चंडीगढ़ की. चार्ज देने आया हूँ."

शिपायानं झोळी जमिनीवर ओतायला लावली. रिकाम्या क्वार्टर्सच्या चाव्या, गोदामांच्या चाव्या, पितळेच्या, लोखंडाच्या, प्रत्येकीला पुठ्ठ्याचा तुकडा बांधलेला. शिपायानं बुटानं ढिगारा हलवून बघितला. मग त्याच्या ध्यानात आलं आणि तो असा हसायला लागला की बंदूक भिंतीला टेकवून ठेवावी लागली.

"पंजाब नै देणी सै? अरे ताऊ, म्हारे तै दे दे! हम भी तो लाइन में खड़े सैं!"

पंजाबला कशाला, हरियाणालाच दे म्हणत होता! माझा नवरा हसला, मीही हसले. काका नाही हसले. ते गुडघ्यावर बसून चाव्या गोळा करत होते आणि मग उठून शिपायाला अगदी नीट हिंदीत समजावून सांगायला लागले की चार्ज ज्याच्या नावाचा असतो त्यालाच देता येतो. शिपायाला काय वाटलं कोण जाणे, त्यानं त्यांना शेकोटीजवळ विटेवर बसायला जागा दिली, चहाही दिला. दुपारपर्यंत काका बसले. धुकं उतरलं, ऊन आलं, कुणी आलं नाही. आम्ही तळ्यावर जाऊन परत आलो तरी ते तिथेच. शेवटी नवऱ्यानं त्यांची सायकल हातात घेतली तेव्हा उठले. वाटेत म्हणाले, "आज सुट्टी आहे ना. उद्या येतील."

मग तारीख उन्हाळ्यावर गेली. मग पावसाळ्यावर. एक समिती झाली, दुसरी झाली, आणि हळूहळू लोकांनी त्या तारखेबद्दल बोलणंच सोडलं. माणसं मरतच होती. मारलेल्यांची बातमी पेपरात आत कुठेतरी यायला लागली होती, इतकी ती रोजची झाली होती.

काकांनी मात्र सामान सोडलं नाही. एक लोखंडी कॉट, एक स्टोव्ह, दोन पातेली, एक ताट, एक पेला. बाकी सगळं सुतळीनं बांधलेलं, भिंतीला लावून. कुणी गेलं तर ट्रंकेवर बसायचं. भिंतीवर कॅलेंडरसुद्धा नाही. "कधी बोलावणं येईल सांगता येत नाही," म्हणायचे. त्यांच्या खोलीत आवाज घुमायचा. खोकले तर वर ऐकू यायचं. मी डबा द्यायची, तो घासून परत यायचा, कडेचा पोचा काढून सरळ केलेला.

आमच्याकडे ऑफिसचा फोन होता. रविवारी वाईहून काकूंचा ट्रंक कॉल यायचा. काका आधीच येऊन खुर्चीवर ताठ बसलेले असायचे, दाढी करून. मी स्वयंपाकघरात जायची, पण काका लांब अंतरावर बोलायचं म्हणून ओरडत, त्यामुळे सगळं ऐकू यायचं. "हो! थंडी आहे! आईंचं काय? हां! नाही, अजून नाही! लागली तारीख की निघतोच!" मग बराच वेळ नुसतं "हं... हं..." आणि फोन ठेवल्यावर त्यावर हात ठेवून थोडा वेळ बसायचे. एकदा मी चहा घेऊन गेले तर माझ्याकडे बघून म्हणाले, "तिथे कण्हेरी फुलल्यात म्हणाली." मला इतकं वाईट वाटलं, की मी उगीच कण्हेर विषारी असते वगैरे काहीतरी बडबडले.

दुसऱ्या वर्षी माझ्या नवऱ्यानं एक दिवस ऑफिसातून येऊन सांगितलं, "तुला माहितेय? काकांना हे काम कुणी सांगितलंच नव्हतं." त्याची प्रशासनातल्या एका मोठ्या अधिकाऱ्याशी ओळख झाली होती, त्यानं सहज विचारलं. तो अधिकारी म्हणाला, शहर द्यायचं झालं तर दिल्लीहून एक कागद निघेल आणि झालं. त्यात चाव्या कसल्या, आणि क्वार्टर्स बघणाऱ्या सुपरिंटेंडेंटचा संबंध काय? सगळं ऑफिस त्यांना हसतं म्हणे.

मी काय तशीच बसणार होते? तरातरा खाली गेले. "काका, तुम्हाला कुणी थांबायला सांगितलंय का हो? कुण्या माणसानं? एक नाव सांगा!"

ते स्टोव्हची पिन साफ करत होते. "सांगायला कशाला पाहिजे?"

"अहो मग जा ना! तिकडे काकू एकट्या आईचं हगणंमुतणं काढताहेत, आणि तुम्ही इथे बांधलेल्या गाद्या राखत बसलात! राजीनामा द्या आणि निघा. शहर काही पळून जात नाही."

काका चिडले नाहीत. चिडले असते तर बरं झालं असतं. पिन उजेडाकडे धरून बघत म्हणाले, "असं मधेच उठून जाता येत नाही, ताई. मी तसा माणूस नाही." मला रडू आलं, रागाचं. मी जिना चढून वर आले आणि त्या दिवशी त्यांना डबा दिला नाही. दुसऱ्या दिवशी दिला.

तिसऱ्या वर्षी, उन्हाळा सुरू होता होता, एका दुपारी काकू आल्या. न कळवता. रेल्वेनं अंबाल्यापर्यंत, तिथून बस. पुढच्या-मागच्या बसगाड्यांतून अतिरेकी माणसं उतरवून मारत होते ते दिवस, आणि ही बाई कापडी पिशवीत सांडगे घेऊन एकटी आली. मी ओरडलेच, "अगबाई काकू, वेड लागलंय का तुम्हाला?" तर म्हणाल्या, "एका घरात दोघांनी वेडं व्हावं की नाही?"

आई महिन्यापूर्वी गेली होती. काकांना फोनवर सांगितलं होतं, ते क्रियाकर्मालाही जाऊ शकले नव्हते. नेमकी तेव्हाच कुठली तरी तिसरी समिती बसली होती आणि पेपरात आलं होतं की आता काहीतरी होईल.

काका ऑफिसात होते. मी कुलूप उघडून दिलं. काकू आत गेल्या आणि मधोमध उभ्या राहिल्या. कॉट, स्टोव्ह, एक ताट. मग भिंतीशी गेल्या आणि गादीच्या सुतळीवर हात फिरवला. "या गाठी मी मारल्यात," म्हणाल्या. मी वर जाऊन चहा ठेवला, आणि त्या वर येईपर्यंत तो उकळून आटला.

काका आले, बायकोला बघितलं, आणि त्यांचा चेहरा असा उजळला की मी कधी बघितला नव्हता. खोटं कशाला सांगू, मला वाटलं, सुटलो. आता जातील.

चार दिवस काकांनी रजा घेतली. अख्ख्या नोकरीत घेतली नसेल तेवढी. दोघं सकाळी निघायची ती उन्हं उतरल्यावर यायची. काकूंच्या पायाला सूज आली. मी कोमट पाण्यात मीठ घालून दिलं तेव्हा हसत सांगायला लागल्या, "अगं, तीस वर्षं याच गावात होते, बाजार आणि देऊळ सोडून काही बघितलं नव्हतं. आता सगळं दाखवलं. कुठे तंबू होता ते. आंब्याचं एक झाड तोडू दिलं नाही ते. पहिली ओळ क्वार्टर्सची. एक म्हातारी राहते तिथे, तिनं यांना ओळखलं, लस्सी दिली. यांच्या पाया पडायला निघाली होती ती." थोडा वेळ पाण्यात पाय हलवत बसल्या. "वाईला आमच्या गल्लीत यांना आता कोणी ओळखत नाही. अमक्या बाईंचा नवरा, एवढंच."

मी म्हटलं, "मग तुम्हीच इथे राहा ना, काकू. आता आईही नाहीत."

"राहिले असते," त्या म्हणाल्या. "पण मी कुणाजवळ राहू, सांग. हे दिवसभर गावाचे. तीस वर्षं मी या घरात बसून यांची वाट बघितली, तीच वाट वाईत बसून बघते. तिथे निदान सोबतीला नदी आहे, भावाची पोरं आहेत." बोलताना आवाज साधाच होता. "मला यांना न्यायचंय. म्हातारपणी तरी माझा नवरा मला घरात बसलेला पाहिजे."

शेवटच्या संध्याकाळी मी दोघांना जेवायला वर बोलावलं. वरणफळं केली होती, काकूंनी सांडगे तळले. काका खुशीत होते. चार दिवस ऐकणारं माणूस मिळालं होतं ना. माझ्या नवऱ्याला तळ्याला पाणी आणणाऱ्या ओढ्यांबद्दल काहीतरी सांगत होते. मध्येच काकूंनी विचारलं, सहज, मीठ मागावं तसं.

"अहो, समजा उद्या सकाळी आलं तुमचं पंजाब सरकार. आलं, सगळं बघितलं, मनासारखं ताब्यात घेतलं. कोणी काही बोललं नाही. मग परवाच्या गाडीत बसाल?"

मी वाढता वाढता थांबले. नवऱ्यानं घास खाली ठेवला. काकांनी प्रश्न नीट घेतला, जसा ते प्रत्येक प्रश्न घेत. विचार करायला लागले.

"परवा?" म्हणाले. "परवा कसं जमेल? माणसं नवीन असणार. सुरुवातीला त्यांना काही विचारायचं असलं तर कुणाला विचारतील?"

नवऱ्याला हसू आवरेना. मलाही. आम्ही दोघं हसत सुटलो, आणि काकाही थोडे हसले, काय विनोद झाला ते न कळून. काकू हसल्या नाहीत.

"मग सहा महिने?" त्यांनी विचारलं.

"सहा महिन्यांत तर एक पावसाळाही धड बघून होत नाही. कुठे पाणी तुंबतं ते पावसाळ्यात कळतं." काका आता अगदी मनापासून सांगू लागले. नव्या माणसाला काय काय कळायला किती दिवस लागतील, झाडांची मुळं कुठल्या पाइपात शिरतात, कुठल्या शाळेचं छप्पर कधी बघायचं. बोलताना त्यांचे डोळे चमकत होते. काकू त्यांच्याकडे बघत ऐकत होत्या. मध्ये एकदाही टोकलं नाही. त्यांचं सांगून झालं, अजून बरंच उरलं असेल पण घशाला कोरड पडली म्हणून थांबले, तेव्हा काकू म्हणाल्या, "बरं." आणि माझ्या हातातलं पातेलं घेऊन त्यांच्या पानात दहीभात वाढला.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझा नवरा स्टँडवर तिकिटं काढायला निघाला होता. अंबाल्याची बस, दोघांसाठी. असंच ठरलं होतं, म्हणजे आम्हीच आमच्या मनाशी ठरवलं होतं. काकू जिना चढून वर आल्या. आंघोळ झालेली, पदर खोचलेला.

"तिकीट एकच काढा," म्हणाल्या.

मी त्यांच्याकडे बघितलं, तर त्या माझ्या नवऱ्याकडे बघत होत्या. काका त्यांच्या मागोमाग जिन्याच्या मधल्या पायरीवर येऊन उभे होते. ऐकलं त्यांनी, नक्की ऐकलं. मला ओरडावंसं वाटत होतं, की अहो, बोला काहीतरी, दोन काढा म्हणा, एवढंच म्हणायचंय. काका दोन पायऱ्या वर आले. कठड्याला हात धरून माझ्या नवऱ्याला म्हणाले,

"खिडकीजवळचं बघा हं. तिला बस लागते."